नफ्याला व्यापारी, तोट्याला मुखत्यार

दर शुक्रवारी आपल्यापैकी अनेकांच्या घरी सूरह कहफचे पठण होते. गुहेत दीर्घकाळ निद्रिस्त राहिलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या सूरहच्या एकोणिसाव्या आयतीत एक अगदी व्यवहारातला तपशील येऊन जातो आणि त्यावर आपली नजर क्वचितच थांबते. जागे झालेले ते तरुण ठरवतात, की आपल्याजवळचे चांदीचे नाणे घेऊन एकाने शहरात जावे, कोणाकडचे अन्न अधिक निर्मळ आहे ते पाहावे, त्यातले थोडे घेऊन यावे आणि वागण्यात नरमाई व सावधपणा ठेवावा. नाणे सर्वांचे, पाय एकाचे. एकाने दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणे, म्हणजे ज्याला शरीअतमध्ये 'वकालत' म्हणतात, त्याच्या आधारांत फिकहच्या पंडितांनी या आयतीची गणना केली आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्राण संकटात होते, पोटात भूक होती, तरीही 'काहीही आण, कुठूनही आण' असा निरोप त्यांनी दिला नाही. निर्मळतेची अट पाठवणाऱ्यांनीच घातली होती.

वाचकहो, आज तुमच्या-माझ्या घरातूनही असाच एक माणूस शहरात पाठवला जातो. ते शहर चीनमधले असते. त्या माणसाला आपण कधी पाहिलेले नसते आणि त्याची भाषा आपल्याला येत नसते. नाणे फोनवरून जाते. अट मात्र बहुधा घरीच राहते.

ज्यांना हा व्यवहार परिचित नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. ताओबाओ, १६८८ यांसारखे चीनमधले ऑनलाइन बाजार मुख्यतः तिथल्याच गिऱ्हाइकांसाठी उभारलेले आहेत. पैकी १६८८ हा घाऊक मालाचा. सगळा मजकूर चिनी लिपीत, पैसे तिकडच्या पद्धतीने भरायचे, माल तिकडच्याच पत्त्यावर पोहोचणार. रायगडच्या एखाद्या गावात बसून थेट तिथे खरेदी करणे जवळजवळ अशक्य, म्हणून मध्ये एजंट लागतो. तुम्ही वस्तूची लिंक त्याला पाठवता. तो ती विकत घेतो, ती त्याच्या गोदामात येते, तिथे ती उघडून तिचे फोटो तो तुम्हाला दाखवतो, आणि तुम्ही होकार दिला की इतरांच्या मालासोबत बांधून ती रवाना होते. भाडे वजनावर ठरते. वस्तू हलकी पण फुगीर असेल तर आकारमानावरून काढलेल्या वजनावर. कधी तुमचा संबंध थेट तिकडच्या एजंटाशी असतो. पुष्कळदा मात्र त्याच्या आणि तुमच्यामध्ये आपल्याच मोहल्ल्यातला एखादा तरुण असतो, जो स्टेटसवर फोटो टाकतो, आगाऊ पैसे घेतो आणि लिंक पुढे पाठवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यांत अलीएक्सप्रेसही होते. सरळ दरवाजा मिटला की मधल्या माणसाची गरज वाढणारच.

हा व्यवहार मुळात जाइज आहे, याविषयी मनात शंका नसावी. कोकणच्या मुसलमानांना तर तो नवाही नाही. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, चेऊल बंदरात आला तेव्हा तिथे मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी वस्ती नांदत होती. त्या काळी एडन, काहिरा अशा ठिकाणी 'वकील अल-तुज्जार' असत. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांचा माल सांभाळणे, विकणे, हिशेब पाठवणे हे त्यांचे काम. समुद्रापलीकडच्या ज्या माणसाला कधी भेटलो नाही त्याच्या हाती माल सोपवायचा आणि पत्राची वाट पाहायची, यावर पिढ्यांचा संसार चालला. आपल्या 'दलाल' या शब्दाचाच विचार करा. मराठीत आपण तो जवळजवळ शिवीसारखा वापरतो. पण तो अरबीतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी वाट दाखवण्याचा अर्थ आहे. मदीनेच्या बाजारातील दलालांना लोक 'समासिरा' म्हणत, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्याहून चांगल्या नावाने, व्यापारी म्हणून, हाक मारली आणि खरेदी-विक्रीत व्यर्थ बोल व शपथा येतातच, तेव्हा तिच्यात दानाची भर घाला, असा उपदेश केला. मधल्या माणसाचा धंदा हीन नाही. प्रश्न आहे तो त्याने आणि आपण त्याला दिलेल्या भूमिकेचा.

तो प्रश्न माझ्यापुढे कसा आला ते सांगतो. इशाच्या नमाजनंतर एक बाई आपल्या मुलीसह मशिदीच्या बाहेर थांबल्या होत्या. पतीच्या निधनानंतर त्या घरी बुरखे शिवून संसार चालवतात. बुरख्यांवर खडे बसवण्याचे एक छोटे यंत्र मुलीने फोनवर पाहिले, त्याची लिंक मोहल्ल्यातल्या एका तरुणाला पाठवली. त्याने सर्व मिळून १८,५०० रुपये सांगितले, पंचवीस दिवसांची मुदत दिली. बाईंनी रमजानच्या कामातून साठवलेले पैसे दिले. तीन महिने उलटले, यंत्र आले नाही. ज्या मालासोबत ते बांधले होते तो सगळा माल खोट्या कागदपत्रांमुळे कस्टमने अडकवला होता. तरुणालाही बोलावले. तो मुलगा वाईट नाही, पाचही वेळा पहिल्या रांगेत दिसतो. तो म्हणाला, "खाला, मी फक्त तुमची लिंक पुढे पाठवली. मी तर एजंट आहे. माल अडकला त्याला मी काय करणार?" बाई म्हणाल्या, "मी चीन पाहिला नाही, बेटा. मी तुझ्याकडून घेतले."

मी त्याला फोनमधला हिशेब दाखवायला सांगितले. यंत्राची मूळ किंमत ६२० युआन, म्हणजे सुमारे साडेसात हजार रुपये. नऊ किलो वजनाचे भाडे किलोमागे ४५० प्रमाणे ४,०५०. तिकडच्या एजंटाची मजुरी चारशेच्या आत. बेरीज बारा हजारांपर्यंतही पोहोचत नव्हती. उरलेल्या साडेसहा हजारांविषयी मी विचारले, तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "तो माझा नफा, मौलाना."

त्या एका वाक्यात सारा विषय सामावलेला आहे. नफ्याचा प्रश्न आला तेव्हा तो व्यापारी होता. तोट्याचा प्रश्न आला तेव्हा तो मुखत्यार झाला.

शरीअतने या दोन्ही भूमिकांना मान दिला आहे, पण त्या एकमेकींत मिसळू दिलेल्या नाहीत. व्यापारी आपला माल विकतो. माल त्याच्या मालकीचा, ताबा त्याचा, म्हणून वाटेत मोडला, जळाला, हरवला तर नुकसानही त्याचे. या ओझ्याच्या बदल्यात त्याला मोकळीक आहे, की शंभराची वस्तू दोनशेला विकावी आणि मूळ किंमत कोणालाही सांगू नये, मात्र फसवणूक करू नये. वकील, म्हणजे मुखत्यार, दुसऱ्याच्या वतीने विकत घेतो. त्याच्या हाती असलेला पैसा आणि माल ही अमानत आहे. त्याने हलगर्जी केली नाही, मर्यादा ओलांडली नाही, तर नुकसानीची भरपाई त्याच्यावर येत नाही. या संरक्षणाच्या बदल्यात त्याने मूळ किंमत जशी आहे तशी सांगायची आणि ठरलेली मजुरी घ्यायची. फिकहमध्ये 'अल-खराज बिज़-ज़मान' नावाचा जो नियम प्रेषितवचनावर उभा आहे त्याचा आशय हाच, की लाभ त्याचा ज्याच्या शिरावर जोखीम. जोखीम बाईंच्या शिरावर ठेवून लाभ आपल्या खिशात घालणारी तिसरी भूमिका शरीअतला ठाऊक नाही.

हजरत उर्वा अल-बारिकी (रजि.) यांची हकीकत सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एक दीनार देऊन एक बकरी आणायला सांगितले. त्यांनी त्या दीनारात दोन बकऱ्या मिळवल्या, त्यांतली एक दीनारालाच विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून समोर ठेवले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली, पुढे ते मातीचा सौदा करते तरी त्यात लाभ होता, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. परवानगीशिवाय दुसरी बकरी विकणे कितपत शुद्ध, यावर हनफी आणि शाफई पंडितांत रंगलेली चर्चा आहे. तिच्यात मी शिरत नाही. मला थांबवतो तो परत आणलेला दीनार. सौद्याचे कौशल्य उर्वांचे, पायपीट उर्वांची, आणि बकरी मागितली होती ती तर मिळालीच होती. दीनार ठेवून घेतला असता तर कोणाला कळले असते? आजचा कोणताही एजंट त्याला आपली हुशारी म्हणेल. उर्वांनी तो आणून दिला, कारण ज्या पैशातून तो निपजला तो पैसा त्यांचा नव्हता. विक्रेत्याने वकिलाला किमतीत सूट दिली तर ती सूट मालकाच्या खाती जमा होते, हा हनफी ग्रंथांतील नियम याच विचाराचा आहे.

दुसरी हकीकत कडू आहे. इब्नुल-लुत्बिया नावाच्या गृहस्थांना जकात गोळा करण्यासाठी पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले; हा तुमचा, आणि हा मला भेट मिळाला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि संतापाने विचारले, की हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? पाठवलेल्या माणसाला त्याच्या जागेमुळे जे मिळते त्याची ही कसोटी आहे. आज या धंद्यात अशा भेटी अनेक वाटांनी येतात. वाहतूक कंपनी एजंटाला भाड्यात सूट देते, तो गिऱ्हाइकाकडून पुरे भाडे घेतो. युआनचा भाव बाजारात एक असतो, गिऱ्हाइकाला दुसरा सांगितला जातो. चांगल्या-चांगल्या वस्तूंच्या लिंकांची यादी फुकट वाटणारे तरुण दिसतात. त्या लिंकमध्ये त्यांचा संकेतांक असतो आणि तुम्ही खरेदी केली की एजंट-कंपनी त्यांना वाटा देते. वाटा घेणे हराम नाही. वाट दाखवण्याची मजुरी आहे ती. पण 'भावांनो, मी वापरून पाहिले आहे, डोळे मिटून घ्या' असे सांगताना वस्तू वापरलेली नसेल आणि वाटा लपवलेला असेल, तर ती भावासारखी दिलेली सल्ला-मसलत राहत नाही.

आता त्या तरुणाच्या व्यवहाराकडे परत येऊ. त्याने बाईंना पाठवलेला निरोप मी वाचला होता. त्यात एक किंमत, एक मुदत होती. मजुरीचा उल्लेख नव्हता, मूळ किंमत नव्हती. शब्दांवरून तो विक्रेता ठरतो. आणि विक्रेता ठरला तर दुसरीच अडचण उभी राहते. हकीम इब्ने हिजाम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारले होते, की लोक माझ्याकडे अशी वस्तू मागतात जी माझ्यापाशी नसते, मी सौदा करून मग ती बाजारातून आणून देऊ का? जे तुझ्यापाशी नाही ते विकू नकोस, असे उत्तर मिळाले. तेव्हा विक्रेता म्हणून त्याचा सौदा सदोष, पैसे परत करणे भाग. मुखत्यार म्हणून पाहावे तर नफ्याचा हक्क नाही, न ठरवलेल्या मजुरीच्या जागी फार तर रूढ मजुरी मिळेल. शिवाय खोटी कागदपत्रे करून त्याने मालकाचा माल धोक्यात घातला, ही मर्यादा ओलांडणे झाले. मग नुकसान त्याच्यावरच. कोणत्याही बाजूने बघितले तरी पैसे परत. मला वाटले, निकाल सोपा आहे.

तेवढ्यात त्याने एक जुना निरोप उघडून दाखवला. माल निघण्यापूर्वी त्याने विचारले होते, की कागदावर किंमत किती दाखवू. उत्तर होते, "कमीत कमी दाखवा." ते उत्तर मुलीने दिले होते. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. मुलीने मान खाली घातली.

वाचकहो, इथे माझाच पाय अडखळला. कारण हा निरोप एका मुलीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. वकालतीचा अर्थच असा, की मुखत्याराने तुमच्या सांगण्यावरून केलेले कृत्य हे तुमचे कृत्य. त्याची सही ती तुमची सही. त्याने लिहिलेले खोटे हे तुमच्या तोंडचे खोटे. आपण मात्र त्या तरुणासारखेच वागतो. स्वस्त वस्तू हाती आली की ती 'मी मागवलेली', आणि कागदावरच्या असत्याचा विषय निघाला की 'ते एजंटचे काम'.

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने परदेशातून 'भेट' म्हणून येणाऱ्या वस्तूंना असलेली सवलत काढून घेतली. जीवरक्षक औषधे आणि राख्या तेवढ्या अपवाद राहिल्या. तरीही 'भेटवस्तू' असे लिहिलेली खोकी येत राहतात. काही एजंट किलोचा एकच दर सांगतात आणि 'कस्टमची काळजी आमची' असे आश्वासन देतात. कोणतेही बिल किंवा शुल्क भरल्याची पावती तुमच्या हाती येत नाही. आपण विचारत नाही, कारण उत्तराचा अंदाज असतो.

यावर आपल्याच लोकांकडून एक युक्तिवाद ऐकू येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. व्यापाऱ्यांकडून जुलमाने घेतल्या जाणाऱ्या जकात-नाक्याच्या करास अरबीत 'मक्स' म्हणतात आणि तो वसूल करणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे. मग आयातशुल्क हाही मक्सच, तो चुकवण्यात पाप कसले? आधुनिक राज्याचे शुल्क मक्स ठरते की नाही, यावर आलिमांत मतभेद आहेत. रस्ते, दवाखाने, शाळा ज्या तिजोरीतून चालतात तिच्यात भरला जाणारा कर आणि घाटात उभ्या राहिलेल्या नाकेदाराची लूट यांना एका मापाने मोजणे मला पटत नाही. पण क्षणभर ते मत मान्य करू. तरीसुद्धा, शुल्क टाळण्याची मुभा शोधणे वेगळे आणि ६२० युआनच्या यंत्रासमोर पन्नास युआन लिहिणे वेगळे. दुसरे कृत्य असत्य आहे, मग ते कोणापुढेही केलेले असो. ज्या देशात आपण करारपूर्वक राहतो त्याच्या कायद्याचे पालन हाही करारच आहे, आणि सूरह माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. तिसरी गोष्ट अधिक साधी आहे. त्या अडकलेल्या मालात आणखी कितीतरी लोकांच्या वस्तू होत्या. त्यांतल्या कोणीतरी खरी किंमत लिहायला सांगितली असेलही. आपल्या खोट्याची किंमत त्याने चुकवली.

'चिनी व्यापारी मुसलमान थोडाच आहे' असे म्हणून वस्तू मिळूनही 'मिळाली नाही' अशी तक्रार करून पैसे परत घेणारे तरुणही मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी एकच आठवण पुरे. हिजरतच्या रात्री ज्या मक्केकरांनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचला होता, त्याच मक्केकरांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले होते.

नकली नाममुद्रेच्या मालाविषयीही बोलले पाहिजे, कारण या लिंकांच्या मागे लागलेल्या तरुणांची ओढ बहुतेक तिकडेच असते. प्रसिद्ध कंपनीचे बूट, घड्याळे, जॅकेट. हुबेहूब, दहाव्या किमतीत. विक्रेत्याला ठाऊक, एजंटाला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, मग फसवले कोणाला, असा प्रश्न एका मुलाने मला केला. प्रश्न हुशारीचा होता. उत्तर असे, की ते चिन्ह या तिघांसाठी छापलेलेच नसते. ते रस्त्यावरच्या, लग्नातल्या, कॉलेजातल्या पाहणाऱ्यासाठी छापलेले असते. जे मिळालेले नाही ते मिळाल्याचा देखावा करणारा माणूस जणू असत्याची दोन वस्त्रे पांघरतो, अशा आशयाचे प्रेषितवचन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या वेळी तो दृष्टान्त होता, आज तो शब्दशः अंगावर घालता येतो. शिवाय १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यापारी नाव व चिन्ह हे मालकाचे संरक्षित हक्क असल्याचा ठराव केला आहे, त्यांचे उल्लंघन हे दुसऱ्याच्या मालमत्तेवरील आक्रमण होय.

गोदामातील फोटोंविषयी थोडेसे, कारण त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. न पाहिलेली वस्तू घेतल्यास ती पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क हनफी मसलकात खरेदीदाराला राहतो. कोकणात बहुसंख्य असलेल्या शाफई मसलकात न पाहिलेली ठरावीक वस्तू विकत घेणेच प्रबळ मतानुसार शुद्ध मानले जात नाही, वर्णन करून जबाबदारीवर घेतलेल्या मालाची गोष्ट वेगळी. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. दोन्हीकडे समान सूत्र हे, की खरेदीसाठी नेमलेल्या मुखत्याराचे पाहणे हे मालकाचे पाहणे धरले जाते. तेव्हा त्याने काढलेले फोटो म्हणजे त्याने तुम्हाला उसने दिलेले डोळे आहेत. चीनमध्ये मार्च २०१४ पासून ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू सात दिवसांत परत करण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला आहे. वस्तू तुमच्या दारी पोहोचेतो ते सात दिवस केव्हाच सरलेले असतात. गोदामात वस्तू असतानाच तो हक्क जिवंत असतो. घाईने अंगठा दाखवून होकार देणाऱ्याने नंतर एजंटाला शिव्याशाप देऊ नयेत. आणि ज्या एजंटाने तडा दिसत असूनही दुसऱ्या बाजूने फोटो काढला, त्याने धान्याच्या ढिगाऱ्यात ओला दाणा खाली लपवणाऱ्या मदीनेच्या त्या व्यापाऱ्याची हकीकत वाचावी, ज्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) स्वतः हात घातला होता.

मग त्या रात्री काय ठरले? मी फतवा दिला नाही. मुलीने आईच्या वतीने बोलताना आईला न विचारलेले सांगितले, म्हणजे तीही मर्यादा ओलांडलेली मुखत्यारच होती; परंतु प्रश्न तरुणाने विचारला, रीत त्याची, अनुभव त्याचा, आणि तिने तो निरोप पाठवला तेव्हा तिला त्याचा परिणाम कळत नव्हता. भार कोणावर किती, हे मला तोलून सांगता आले नाही आणि अजूनही येत नाही. म्हणून दोघांना सुलह करण्यास सांगितले. साडेसहा हजार रुपये, जे कोणत्याच हिशेबाने त्याचे नव्हते, ते त्याने दुसऱ्याच दिवशी आणून दिले. उरलेल्या बारा हजारांपैकी निम्मे तो दरमहा हजार करून देतो आहे. निम्मे बाईंनी सोडले. मुलीच्या शिकवणीच्या पैशातून ते भरून काढायचे, असे मुलीनेच सुचवले. तरुणाने धंदा बंद केलेला नाही, मीही तसे सांगितले नाही. त्याच्या निरोपात आता वस्तूची किंमत, भाडे आणि 'माझी मजुरी' अशा तीन वेगळ्या ओळी असतात. गिऱ्हाइके कमी झाली आहेत, असे तो म्हणतो. पूर्वी जे भाव पाहून खूश होत होते तेच आता मजुरीवर घासाघीस करतात. खरे सांगणाऱ्याला आपण ही वागणूक देतो, आणि मग प्रामाणिक माणसे धंद्यात टिकत नाहीत म्हणून खंत करतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रात्री हुजऱ्यात परतलो तेव्हा कोपऱ्यातल्या एका खोक्याकडे लक्ष गेले. नमाजच्या वेळा दाखवणारे विजेवर चालणारे घड्याळ मशिदीसाठी मागवले होते, त्याच तरुणामार्फत, माझ्याच सांगण्यावरून. देणगीतून नऊ हजार रुपये दिले होते. वेष्टनावर चिकटवलेला कागद मी तोवर वाचला नव्हता. त्यावर लिहिले होते: भेटवस्तू, किंमत १२ डॉलर. त्याने मला किंमत किती दाखवू असे विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते.

मशिदीच्या कमिटीपुढे मी ते खोके ठेवले. काहींचे म्हणणे, घड्याळ आता आलेच आहे, लावून टाकावे. काहींना ते परत पाठवावेसे वाटते, पण कोणाकडे पाठवायचे? कराचे काम पाहणाऱ्या एका सद्गृहस्थांना चुकलेले शुल्क भरण्याची वाट शोधण्यास सांगितले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे. तोवर घड्याळ खोक्यातच आहे आणि जमातीच्या वेळा मी पूर्वीप्रमाणे फळ्यावर खडूने लिहितो.